कारण क्रमांक चार

मीटिंग दहाची होती. चार हॉस्पिटलांच्या अभ्यासाचे प्रमुख मोठे सर पावणेअकराला आले, त्यांच्या मागोमाग चहा आला, आणि चहा संपायच्या आत धाकट्या हॉस्पिटलचा निकाल लागलासुद्धा. एक्केचाळीस पेशंट बाद. मोठ्या सरांनी कप बशीत ठेवला आणि सांगितलं की त्यांचे आकडे चढताहेत, अर्थात ते नियम पाळत नाहीत, तेव्हा त्यांना वगळा आणि अहवाल पाठवून द्या. दुसऱ्या दोन हॉस्पिटलांच्या सर्जननी माना डोलावल्या. फूटपट्टीबाईंचंही मत तेच होतं. फक्त एकदा जाऊन डोळ्यांनी बघून येते, मग सही करते, एवढं त्या म्हणाल्या. मोठे सर हसले आणि म्हणाले, जा, पट्टी घेऊन जा.

फूटपट्टीबाई डॉक्टर नव्हत्या आणि नर्सही नव्हत्या. प्रकाश मोजणं हा त्यांचा धंदा. तीन वर्षांपूर्वी पहिल्या मीटिंगला त्या पर्समध्ये स्टीलची पट्टी घेऊन आल्या आणि चौघा सर्जनना एकेक करून विचारलं की तुम्ही कॅमेरा जखमेपासून किती लांब धरता. एक म्हणाले, हातभर. दुसरे म्हणाले, नेहमीसारखा. तिसऱ्यांनी हा काय प्रश्न झाला अशा नजरेनं बघितलं. धाकट्या हॉस्पिटलच्या सर्जनबाई तेवढ्या म्हणाल्या की माहीत नाही, मोजून कळवते. त्या दिवसापासून फूटपट्टीबाई हे नाव पडलं ते पडलंच. आता पगाराच्या पाकिटावर तेच आलं तरी बाईंना नवल वाटलं नसतं.

दुखणं जुनंच होतं. कॅन्सरची गाठ काढताना सर्जनला एकच भीती असते, की कडेला काही राहिलं तर नाही ना. डोळ्यांना ते दिसत नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधी पेशंटच्या शिरेतून एक रंग सोडायचा. तो गाठीत जाऊन बसतो, आणि खास दिव्याखाली खास कॅमेऱ्यातून बघितलं की पडद्यावर गाठ हिरवी चमकते. राहिलेला तुकडाही चमकतो. ऐकायला सगळं सोपं. पण एका हॉस्पिटलात जे लख्ख दिसायचं तेच दुसऱ्यात मिणमिणतं दिसायचं, कारण कुणी वरचे दिवे बंद करायचं, कुणी नाही. कुणी रंग आदल्या दिवशी द्यायचं, कुणी त्याच सकाळी. प्रत्येक जण आपापल्या चमकेवर खूश. मग किती चमक म्हणजे कॅन्सर? या प्रश्नाला चार हॉस्पिटलांत मिळून पाच उत्तरं होती.

यासाठी बाईंनी ठोकळा केला. साबणाच्या वडीएवढा, काळा, वर नऊ खळगे आणि खळग्यांत तोच रंग, ठरावीक मात्रेत घट्ट बसवलेला. एका साच्यातून पाच ठोकळे काढले, प्रत्येक हॉस्पिटलला एक दिला आणि पाचवा जुळा म्हणून स्वतःकडे ठेवला. ऑपरेशनच्या सुरुवातीला त्याचा फोटो काढायचा. मग पेशंटच्या गाठीची चमक भागिले ठोकळ्याची चमक, म्हणजे आला आकडा. कॅमेरा कुठलाही असो, आकडा एकाच भाषेत बोलणार. हा आकडा सर्जनला दाखवायचा नाही. सर्जननं नेहमीच्या पद्धतीनंच कापायचं. आकडा बंद ठेवायचा आणि मागाहून लॅबच्या अहवालाशी ताडून बघायचा. दोनशे पेशंटांत जमलं, तर जगातल्या कुठल्याही थिएटरला सांगता येईल की आकडा अमुकच्या वर गेला तर जखम शिवू नका, अजून शोधा. तीन वर्षांत दोनशे चौदा झाले होते. त्यांतले एक्केचाळीस आता गळणार होते. उरलेल्या एकशे त्र्याहत्तरांवर भागेल, वरच्या कार्यालयाला मी समजावतो, असं मोठे सर म्हणाले होते.

बाई धाकट्या हॉस्पिटलवर मनातून चिडलेल्या होत्या. अठरा पानांचे नियम लिहायला चौदा मीटिंगा लागल्या होत्या. त्यांतल्या चार तर नुसत्या कॅमेऱ्याच्या अंतरावर गेल्या. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते कसं असतं, हे बाईंना त्या वर्षी कळलं. आणि एवढं करून ज्यांनी निमूट मान डोलावली होती, त्यांचेच आकडे महिन्यागणिक वर चढत होते. पहिल्या पेशंटला दोन, विसाव्याला तीन, चाळिसाव्याला पाच! कॅन्सर काय त्या गावात दरवर्षी जास्त उजळ व्हायला लागला होता?

सकाळी साडेसातला त्या तिथं पोचल्या. दोनच थिएटरं असलेलं हॉस्पिटल, समोर बसथांबा, दारात ओळीनं लावलेल्या सायकली. थिएटरच्या सिस्टरांनी त्यांना हिरवा गाऊन दिला, टोपी दिली आणि कुठं उभं राहायचं ते दाखवलं. सिस्टर पन्नाशी उलटलेल्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. बाई येणार म्हणून त्यांनी काही वेगळं केल्यासारखं दिसत नव्हतं, आणि बाईंना तेच खटकलं. रोजची लबाडी असली की माणूस असाच निवांत असतो.

पेशंट टेबलावर यायच्या आधी बाहेरच्या खोलीत सिस्टरांनी तिच्याशेजारी बसून संमतीपत्र वाचून दाखवलं. सही कालच झालेली होती, तरी पुन्हा वाचलं. शेवटचं वाक्य त्या जरा थांबून वाचत: तुमच्या नोंदींचा उपयोग पुढच्या रुग्णांना होईल. पेशंट म्हणाली, होऊ दे बाई कुणाचं तरी भलं. फूटपट्टीबाईंनी ते वाक्य लिहिलं होतं तेव्हा ते अठराव्या पानावरचं एक वाक्य होतं, याहून अधिक काही नव्हतं.

आत सगळं नियमाबरहुकूम चाललं. अंतरासाठी सिस्टरांनी कॅमेऱ्याच्या तोंडाला टाक्याचा रेशमी धागा बांधला होता, बरोबर तीस सेंटिमीटरवर गाठ मारून. गाठ जखमेला टेकली की अंतर झालं. चार मीटिंगांत जे सुचलं नाही ते सिस्टरांनी सुईदोऱ्यात उरकलं होतं. वरचे दिवे बंद. ठोकळ्याचे तीन फोटो. मग ठोकळा पारदर्शक निर्जंतुक पिशवीत घालून जखमेशेजारी कापडावर ठेवला, कॅमेऱ्याच्या चौकटीत राहील असा, आणि ऑपरेशन सुरू झालं. कॅमेऱ्याचा दिवा लागला तेव्हा सिस्टरांनी रजिस्टरात वेळ लिहिली, आठ बावन्न. विझला तेव्हा पुन्हा लिहिली, दहा एकतीस.

बाईंनी विचारलं की दिव्याची वेळ कशाला लिहिता, नियमात तर नाही. सिस्टर म्हणाल्या, सवय आहे. पूर्वीच्या दिव्यांचे बल्ब ऐन वेळी जायचे, तेव्हापासून कुठला दिवा किती जळला ते लिहून ठेवते. त्यांनी मागची पानं उलटून दाखवली. एक्केचाळीस ऑपरेशनं, एक्केचाळीस ओळी, आजची बेचाळिसावी अजून ओली.

 ठोकळा जवळजवळ पावणेदोन तास दिव्याखाली होता. तीन फोटो म्हणजे पंधरा सेकंद. त्या हिशोबानं ठोकळा दहा वर्षं टिकेल असं त्यांनी स्वतः मोजून लिहिलं होतं. मग हे पावणेदोन तास आले कुठून? त्यांनी पर्समधून नियमांची प्रत काढली आणि नववं कलम वाचलं. ठोकळा ऑपरेशन संपेपर्यंत कॅमेऱ्याच्या चौकटीत ठेवावा. त्यांचंच वाक्य. अकराव्या मीटिंगमध्ये एका सर्जनच्या हट्टापायी घातलेलं. त्या दिवशी पहिल्यांदाच सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि त्या आनंदात बाईंनी ते लिहून टाकलं. टिकाऊपणाचा हिशोब पुन्हा करायचं डोक्यातही आलं नाही. जन्मभर प्रकाश मोजणाऱ्या बाईला प्रकाशानं रंग विटतो हे आठवलं नाही! दोरीवरचा रंगीत सदरा उन्हातून वेळेत काढावा हे शेंबड्या पोरालाही कळतं.

त्यांनी पर्समधला जुळा काढला. तो तीन वर्षं काळ्या पिशवीत, कपाटात होता. दोन्ही ठोकळे शेजारी ठेवून कॅमेरा लावला. जुळ्याचे नऊच्या नऊ खळगे पडद्यावर पेटले. सिस्टरांच्या ठोकळ्याचे जेमतेम दिसत होते. म्हणजे पेशंटांची चमक चढत नव्हती, तिला भागायचा ठोकळाच विझत चालला होता. बाई भिंतीजवळच्या स्टुलावर बसल्या.

"माझं काही चुकलं का, मॅडम?" सिस्टरांनी विचारलं.

"नाही. माझं चुकलं. तुम्ही नियम पाळलात."

"मग आमचे पेशंट?"

बाई म्हणाल्या, मी बघते. सरकारी असो की खासगी, कुठल्याही कचेरीत मी बघते म्हणजे काय हे सिस्टरांना ठाऊक असणारच. त्या ठोकळा पुसून ठेवायला गेल्या.

तरी आशा होती. दिवा किती जळला याची ओळ न् ओळ रजिस्टरात होती. जुळ्याशी ताडून दर ऑपरेशनला ठोकळा किती विटला ते काढता येत होतं, आणि शंका आल्यास जुळ्याशी ताडून दुरुस्ती करावी हे कलमही नियमांत होतं. एक्केचाळीस वाचत होते. बसमध्ये बसल्या बसल्या बाईंनी पाठकोऱ्या कागदावर तीन पेशंटांचे आकडे करून बघितले. दोन, दोन पूर्णांक एक, एक पूर्णांक नऊ. त्यांना हसू आलं. मग एकदम थांबलं. दिव्यानं ठोकळा विटतो तर बाकीच्या तिघांचे का विटले नाहीत? त्यांचे आलेख तर इस्त्री केल्यासारखे सपाट होते. मागच्या वार्षिक पत्रात बाईंनी या तिघांच्या शिस्तीचं कौतुक केलं होतं, आणि धाकट्यांना सुधारणेस वाव आहे असं लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या सरांच्या हॉस्पिटलात गेल्या, पण सरांकडे न जाता तळमजल्यावर कॅमेऱ्याच्या तंत्रज्ञांकडे. जाडसर, हसतमुख गृहस्थ. ठोकळा बघायचाय म्हटल्यावर त्यांनी कपाट उघडलं, मागचे दोन डबे बाजूला केले आणि काळी पिशवी काढून दिली. पिशवीच्या तोंडावर कागदाची पट्टी चिकटवलेली होती. पट्टीवर बाईंची सही होती, आणि ती फाटलेली नव्हती.

"हा उघडलाच नाही?"

"वेळ कुठे असतो, मॅडम? दिवसाला चार ऑपरेशनं. ठोकळ्याला बारा मिनिटं. भूलवाले डॉक्टर अंगावर येतात."

मग फोटो कुठून येतात, असं बाईंनी विचारलं. ते मोकळेपणानं म्हणाले की तुम्हीच नाही का दिला? नियमांबरोबर नमुना म्हणून एक फोटो पाठवला होता, छान आला होता. तोच तारीख बदलून घालतो. बाकीच्या दोन्ही ठिकाणी पण तोच चालतो, आमचं आपसांत बोलणं असतं. बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर अपराधाचा मागमूस नव्हता. एखाद्यानं पाण्याची गळती कशी थांबवली ते सांगावं तसं ते सांगत होते.

बाईंनी तिथंच त्यांच्या संगणकावर फोटो उघडले. तीन वर्षांत हे फोटो माणसानं कुणी उघडलेच नव्हते. संगणक चमक वाचायचा, पूर्ण आकड्यात नोंदवायचा, त्यामुळे तोच तोच आकडा कुणाला खटकला नाही, आणि जो घसरेल त्याच्याच नावापुढे तांबडा ठिपका द्यायचा. ती व्यवस्थाही बाईंचीच. पहिल्या फोटोत खालच्या डाव्या खळग्यावर लोकरीचा एक तंतू आडवा पडलेला होता. विसाव्या फोटोत तो तिथंच होता. शंभराव्यातही. नमुन्याचा फोटो बाईंनी थंडीत, स्वेटर घालून काढला होता. तीन हॉस्पिटलं, एकशे त्र्याहत्तर माणसं आणि भागायला एका स्वेटरचा धागा. उंटावरून शेळ्या हाकल्या की त्या अशाच चरतात.

मोठ्या सरांना त्यांनी सगळं सांगितलं. सरांना हे माहीत नव्हतं, हे बाईंना त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. ते उठून खिडकीशी गेले. वाईट माणूस नव्हता. तीस वर्षं माणसं कापून माणसं वाचवलेला माणूस. मग ते वळले आणि समजावणीच्या सुरात बोलायला लागले. फोटो जुना असला तरी गाठी चमकल्या हे खोटं आहे का? मी स्वतः पाहिलंय. बाई म्हणाल्या, चमकल्या, पण किती ते आपल्याला माहीत नाही, आणि आपण तेच शोधायला निघालो होतो. सर म्हणाले, अहवाल गेला नाही तर हा कॅमेरा आणखी दहा वर्षं कपाटात पडेल. बाई म्हणाल्या, चुकीचा आकडा गेला तर कुणीतरी तो खरा मानून अर्धी गाठ आत ठेवून शिवेल. सर म्हणाले, लॅब आहे की मागाहून बघायला. असं बराच वेळ चाललं. धाकट्यांचे एक्केचाळीस दुरुस्त करता येतात हे बाईंनी दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा सरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आकडे पाहून झाल्यावर केलेली दुरुस्ती लोकांना संशयास्पद वाटते, म्हणाले. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीही कागदोपत्री व्यवस्थित.

"एक्केचाळीस तसेही बाद ठरलेत," सर शेवटी म्हणाले. "तेवढे वगळण्याचे अर्ज भर आणि बाकीचं राहू दे. दर वर्षी किती बायकांचं दुसरं ऑपरेशन वाचेल, विचार कर. तुझ्या घरातच आहे ना एक? त्यांना विचार जा."

बाईंच्या कपाळाची शीर उडाली. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या सासूबाईंना एका महिन्यात दोनदा टेबलावर घेतलं होतं. पहिल्या वेळी कडेला राहिलं होतं. या कामात बाई पडल्या त्या त्यामुळेच, आणि ही गोष्ट त्यांनी सरांना फार पूर्वी, एका चांगल्या दिवशी सांगितली होती. आपण विश्वासानं सांगावं आणि समोरच्यानं ते जपून ठेवून नेमक्या वेळी काढावं, याचा त्यांना भयंकर संताप आला. त्या तशाच उठून घरी आल्या.

सासूबाई स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या. सून दुपारची घरी आली म्हणजे काहीतरी बिनसलंय हे त्यांनी ओळखलं, आणि न विचारता निम्म्या शेंगा तिच्यापुढे सरकवल्या. बाईंनी सोलता सोलता सगळं सांगितलं. ठोकळा, दिवा, स्वेटर, सर. सासूबाईंना स्वेटरचं ऐकून हसू आवरेना. निळा ना, म्हणाल्या, तो दे आता टाकून. मग बाईंनी सरांचा प्रश्न विचारला. सरळच विचारला, की आई, तुम्हाला काय वाटतं, हे यंत्र कसंही करून लवकर यावं का?

सासूबाईंनी हातातली शेंग संपवली.

"मला दोनदा कापलं त्याचा राग नाही गं," त्या म्हणाल्या. "पहिल्या वेळी डॉक्टर म्हणाले सगळं निघालं. कशावरून, ते मी विचारलं नाही. त्यांनाही माहीत नव्हतं, नुसतं वाटत होतं. तुझ्या यंत्राला तरी माहीत असू दे."

एवढं बोलून त्यांनी दाणे पातेल्यात ओतले. बाईंना वाटलं होतं की मन हलकं होईल. उलट जड झालं, कारण आता कुणावर ढकलायला उरलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी त्या आपल्या टेबलाशी बसल्या. पेशंट वगळायचा तर संगणकावर प्रत्येकाचा एक अर्ज भरावा लागे, आणि अर्जात कारण निवडावं लागे. कारणं चार होती. एक, रुग्णाने माघार घेतली. दोन, रंगाची मात्रा चुकली. तीन, कॅमेरा बिघडला. चार, केंद्राने नियम पाळले नाहीत. बाईंनी धाकट्या हॉस्पिटलच्या पहिल्या पेशंटचा अर्ज उघडला. माघार नाही. मात्रा बरोबर. कॅमेरा ठणठणीत. चौथ्यावर बोट नेलं आणि तिथंच थांबलं. सिस्टर रेशमी धागा हातात घेऊन गाठ मोजत होत्या ते त्यांना दिसायला लागलं. कारण न निवडता अर्ज पुढे सरकेना. संगणक तांबड्या अक्षरांत म्हणायचा, कृपया कारण द्या. नियम पाळले म्हणून, असं कारण यादीत नव्हतं. यादी बाईंनीच केली होती, आणि असं कारण कधी लागेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांनी तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा संगणकानं कृपया म्हटलं. चौथ्यांदा त्यांनी टेबलावर मूठ आपटली, आणि पलीकडच्या टेबलावरच्या हिशोबनीसांनी मान वर करून बघितलं.

मग त्यांनी तो अर्ज बंद केला आणि मोठ्या सरांच्या हॉस्पिटलच्या पहिल्या पेशंटचा उघडला. कारण क्रमांक चार. अर्ज मुकाट पुढे गेला.

दुसरा. चार. तिसरा. चार. एकेक नाव वाचून, एकेक वय वाचून. बासष्ट वर्षं, शिंपीकाम. एकोणचाळीस वर्षं, दोन मुलं. यांनीही शिरेतून रंग घेतला होता, यांनाही कुणीतरी ते शेवटचं वाक्य वाचून दाखवलं असेल किंवा घाईत वाचलंही नसेल. चूक त्यांची कणभरही नव्हती. बाईंना मध्येच रडू फुटलं, ते त्यांनी रुमालात आवरलं आणि पुढचा अर्ज उघडला. जेवायला उठल्या नाहीत. एकशे त्र्याहत्तर व्हायला साडेतीन वाजले. त्यानंतर त्यांनी एक पत्र लिहिलं: नववं कलम माझं, नमुन्याचा फोटो माझा, तपासणीची व्यवस्था माझी, धाकट्या केंद्राने नियम तंतोतंत पाळले, त्यांचे आकडे दुरुस्त करून सोबत जोडले आहेत. खाली सही केली आणि सगळं वरच्या कार्यालयाला आणि चारही हॉस्पिटलांना पाठवून दिलं. नोकरी राहील असं त्यांना वाटत नव्हतं. पाच मिनिटांत मोठ्या सरांचा फोन वाजायला लागला. तो वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला. बाईंनी तो उचलला नाही. त्यांनी धाकट्या हॉस्पिटलला फोन लावला आणि सिस्टरांना बोलवायला सांगितलं.

"तुमचे एक्केचाळीस राहिले," बाई म्हणाल्या. "परवाचा धरून बेचाळीस."

"आणि बाकीच्यांचे?"

"बाकीचे गेले. सगळे."

सिस्टरांना आनंद झाला नाही. दुसऱ्याचं नुकसान ऐकून खूश होणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. मागे कुठंतरी ट्रॉलीची चाकं वाजत होती, ती लांब गेल्यावर त्या म्हणाल्या, "दोनशे लागतात ना, मॅडम?"

"हो."

"आमच्याकडे वर्षाला चौदा होतात."

हा भागाकार बाईंनी दुपारीच केला होता. त्यांनी सांगितलं की नववं कलम खोडा. नवा ठोकळा सोमवारी येईल, फोटो झाला की लगेच काळ्या पिशवीत घाला. सिस्टर बरं म्हणाल्या. पण फोन ठेवला नाही.

"सोमवारी एक आहे आठला," त्या म्हणाल्या. "शाळेत शिकवतात. सगळं बारकाईनं विचारणाऱ्या आहेत. ते शेवटचं वाक्य वाचून दाखवू ना? उपयोग होईल ते?"

"दाखवा."

"आणि कधी होईल विचारलं तर?"

 बाईंना खोटं बोलायचं नव्हतं.

"अकरा वर्षांनी," त्या म्हणाल्या.

पलीकडे कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला. सिस्टरांनी ते लिहून घेतलं.